काळ्या पानांचा डेलिया

परवा नातीने नर्सरीतून काळ्या पानांचा डेलिया आणला. "आजी, हल्ली यालाच मागणी आहे," ती म्हणाली आणि माझं डोकंच फिरलं.

पंचेचाळीस-सेहेचाळीस साल असेल. आमचे मामा भिवपुरीला साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. त्यांनी दिलेला कंद ताईने कोंडाण्यातल्या आमच्या घरासमोर लावला. पानं पिकल्या जांभळासारखी काळी, फुलं लालभडक.

थंडीत ताईला बघायला खालापूरहून पाहुणे येणार होते. सकाळीच काकी म्हणाली, "काळ्या पानाचं झाड दारात नको गं. पोरगी आदीच काळी हाय, त्यांना आनि कशाला दाखवायचं?" तिने झाड उपटून घरामागच्या परड्यात टाकलं. फुलं तेवढी तांब्यात ठेवायला काढली. त्यांच्या देठांवरची पानं मी खुडली आणि शाबासकी मिळवली. काकीने ताईच्या तोंडाला पावडर फासली.

मुलाची आई म्हणाली, "फुलं लय सुंदर हायत. कुनी लावली?"

"आमच्या पोरीनंच!" काकी फुशारकीने म्हणाली.

ताई उठली. परड्यातलं झाड आणून तिने पाहुण्यांपुढे ठेवलं. पदराने पावडर खसाखसा पुसली.

"त्या फुलांची पानं ही अशी हायत," ती म्हणाली.

स्थळ गेलं. सगळं घर ताईवर चिडलं, मीसुद्धा. आता संताप येतो तो खुडणाऱ्या माझ्या हातांचा.

नातीला बजावलं, "कुंडी पुढच्या दारात ठेव. आणि एक पान जरी कुणी खुडलं, तर माझ्याशी गाठ आहे."