कोट रूममधली तीन बॅरल

कागदावरचा पिवळा ठिपका अजून तसाच होता. मी तो कागद मेगनपुढे धरला. मेगन आमची हेड वाइनमेकर, म्हणजे माझी बॉस.

"डिसेंबर संपत आला," ती म्हणाली. "आता ही तीन बॅरल हाऊस रेडमध्ये ब्लेंड करून टाकू."

मी उत्तर मिशिगनमधल्या एका वायनरीत लॅब सांभाळते. इथला उन्हाळा छोटा. द्राक्षं पिकतात, पण आंबटपणा पुरता उतरत नाही. त्यांच्यात मॅलिक ॲसिड राहतं, हिरव्या सफरचंदात असतं तेच. म्हणून रेड वाइनमध्ये आम्ही एक बॅक्टेरिया सोडतो. तो त्याचं लॅक्टिक ॲसिड करतो, दह्यात असतं ते. वाइन मऊ लागते. काम झालं का, हे कागदावर वाइनचा थेंब टाकून तपासतात. पिवळा ठिपका दिसला तर मॅलिक शिल्लक आहे.

ती तीन बॅरल रानडेकाकांच्या टेकडीची होती. काका डेट्रॉइटच्या एका गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झाले आणि इथे येऊन त्यांनी कॅबरने फ्रँक ही रेड वाइनची द्राक्षं लावली. दर वर्षी त्यांची द्राक्षं इतरांच्यात मिसळून आमच्या साध्या हाऊस रेडमध्ये जायची. या वर्षी पहिल्यांदाच मेगनने त्यांची वाइन वेगळी ठेवली होती. लेबलवर व्हिनयार्डचं, म्हणजे मळ्याचं, नाव हवं, तर जवळजवळ सगळी द्राक्षं तिथलीच लागतात. ब्लेंड केलं की नाव गेलं. नाव काकांनी कधीच ठरवलं होतं: 'आक्काची टेकडी'. आक्का ही त्यांची थोरली बहीण, सांगलीला असते. वाइनला हातही लावत नाही, पण फोनवर विचारते, "बाटली कधी दाखवतोस?"

मीटिंगमध्ये माझं वाक्य मनात तयार होईपर्यंत विषय बदललेला असतो. त्या दिवशी मात्र आम्ही दोघीच होतो.

"बॅक्टेरिया मेला नाहीये," मी म्हणाले. "गारठलाय."

"अख्खा तळघरातला सेलर गरम केला तर बाकीची वाइन बिघडेल."

"सेलर नको. पाहुणे वाइन चाखायला येतात तिथली, कोट टांगायची कोट रूम आहे ना. हिवाळ्यात पाहुणेच नसतात, ती बंदच असते. तिथे हीटर लावू. आमच्याकडे थंडीत दही असंच ओव्हनमध्ये लावतात, नुसता दिवा चालू ठेवून."

"दह्यावरून मी माझी वाइन कपाटात ठेवू?"

"कोट रूममध्ये."

मेगन हसली. "एक महिना. मग ब्लेंड."

दोन आठवड्यांत ठिपका फिका झाला. पण दाराजवळच्या बॅरलला नेलपॉलिशसारखा वास यायला लागला. त्याचं बूचही सैल होतं. दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. काका आत उभे होते. हातात सँपल काढायची काचेची नळी.

"काका, हे काय?"

"अगं, नुसता वास घेतो. आणि थोडंसं चाखतो. आक्का रोज विचारते ना."

"तुम्ही रोज उघडता?"

"रोज म्हणजे... सकाळी. आणि जाताना."

वाइन टिकावी म्हणून घालतात ते सल्फर या काळात घालता येत नाही, बॅक्टेरिया मरतो. भरलेलं बॅरल आणि घट्ट बूच, एवढंच संरक्षण. काकांच्या चाखण्याने बॅरलमध्ये जागा झाली होती, हवा शिरली होती आणि वाइनचं व्हिनेगर व्हायला लागलं होतं.

"दही लागत असताना तुम्ही भांडं हलवता का?" माझा आवाज चढला. मोठ्यांशी मी कधीच असं बोलत नाही.

"तुझी काकू त्यासाठी मला किचनमधून हाकलते."

"मग मीही हाकलते."

त्यांनी नळी खाली ठेवली आणि कोटांच्या रिकाम्या हुकांखालच्या बाकावर बसले. "खराब झाली का गं?"

"हे बॅरल गेलं, काका. बाकीची दोन आत्ता तरी ठीक आहेत."

त्यांनी उठून ते सैल बूच घट्ट दाबलं. मला राहवेना. मी थर्मामीटरचा डिस्प्ले दाराबाहेर लावला. "उद्यापासून टेंपरेचर तुम्ही बघायचं. बाहेरूनच."

रोज सकाळी व्हॉट्सॲपवर आकडा यायला लागला. कधी डिस्प्लेचा फोटो. एकदा, चुकून, त्यांच्या बुटांचा.

महिना संपला तेव्हा दोन बॅरलचा ठिपका गेला होता. मेगनने वाइन चाखली, पुन्हा चाखली आणि म्हणाली, "नाव राहू दे." तिसरं बॅरल व्हिनेगरवाल्याकडे गेलं. पुढे बाटली तयार झाल्यावर काकांनी ती व्हिडिओ कॉलवर दाखवली. आक्काने चष्मा लावून ती नीट बघितली. मग म्हणाली, "लेबल वाकडं चिकटवलंय रे."

आता द्राक्षं देणाऱ्या प्रत्येक ग्रोअरला मी काही ना काही मोजायला देते. काम दिलं नाही तर माणसं बूच उघडतात.