रक्ताचा एक थेंब

तोंगशीच्या किनाऱ्यावर बाया कालवं फोडायला बसत, त्या पत्र्याखाली सकाळपासून दोनच आवाज असायचे. एक सुऱ्यांची कटकट, दुसरा रेडिओवरच्या ग्वे-ताईचा. ग्वे-ताई गाणी लावायची, फोनवर बायांची गाऱ्हाणी ऐकायची, मधूनच काढ्याच्या बाटल्या विकायची. पण आवाज असा, की ऐकता ऐकता बोट कापलं तरी कळू नये. त्या बायांतल्या खिमचं एकदा कापलंच! बोटाला फडकं गुंडाळून तिनं तडक फोन लावला, "तुझ्यापायी रक्त सांडलं गं माझं!" ग्वे-ताई एवढी हसली की पुढचं गाणं लावायचं विसरली.

तिथून दोघींचं जमलं. नवऱ्याचा रुसवा, सुनेचं तोंड वाकडं, सगळं खिम त्या फोनवर ओतायची. दर नव्या वर्षाला सगळ्यांत टपोरी कालवं बर्फात भरून पाठवायची. ग्वे-ताई तिला म्हणायचीच, "मोठ्या कालवांची खिम-मावशी". प्रत्यक्ष भेट मात्र कधी नाही.

मग एका हिवाळ्यात दर्याची राखण करणाऱ्या माझू देवीच्या देवळासमोर बायांच्या छातीतल्या गाठी तपासणारी गाडी उभी राहिली. शेजारीण बी-हुए ओढून घेऊन गेली म्हणून खिम गेली. यंत्राच्या चित्रात गाठीसारखं काहीतरी दिसलं. शहरातल्या इस्पितळात या, सुई घालून तुकडा काढून बघू, असा निरोप आला. खिमनं निरोप ऐकला आणि फोन लावला कोणाला? ग्वे-ताईला.

"घाई कशाला, मावशी? बाहेरदेशी नवी तपासणी निघालीय. रक्ताचा एक थेंब घेतात, सगळं कळतं. इकडं येईलच. यंत्रात चेपून घ्यायचं, सुया टोचून घ्यायच्या, हवंय कुणाला? तोवर आपला काढा घे. गाठ विरघळते."

रेडिओवर हे ऐकून पत्र्याखालून बी-हुए खिमवर ओरडली, "थेंब येईल तेव्हा येईल, गाठ आत्ता आहे ना!"

"तू काय ग्वे-ताईपेक्षा शहाणी?"

"शहाणी नसेन. पण मी तुझी कालवं तरी खात नाही."

खिमनं तिच्याशी बोलणं टाकलं. काढा प्यायली. कालवांचा हंगाम सरला, ऊन चढलं, आणि एक दिवस अंघोळ करताना दिसलं, छातीची कातडी एका जागी आत ओढली गेलीय. तेव्हा मात्र बी-हुएनं काही न विचारता तिला स्कूटरवर बसवलं.

इस्पितळात खिम बाकावर बसली होती. समोर पडदा, पडद्यामागं यंत्र. आतून आवाज आला, "अगं बाई, जरा हळू दाब. मागच्या वर्षीसारखं नको."

हा आवाज लाखात ओळखला असता तिनं.

पडदा सरला. सदऱ्याच्या गुंड्या लावत एक ठेंगणी बाई बाहेर आली.

"ग्वे-ताई," खिम म्हणाली, "मी खिम. मोठ्या कालवांची."

बाईचं तोंड आधी फुललं, मग उतरलं.

"तुझा थेंब कुठाय गं?" खिमनं विचारलं.

"मावशी... रेडिओवरचं वेगळं असतं. काढ्यावाले कागद देतात, मी वाचते."

"आणि स्वतः दर वर्षी इथं येतेस?"

"माझ्या आईला हाच रोग होता. मला यावंच लागतं."

खिम तिच्याकडं बघत राहिली. "माझ्या घरातलं भांडं न् भांडं तुला ठाऊक. आणि तुझ्या आईचं एवढं मला सांगितलं नाहीस?"

ग्वे-ताईनं पिशवी उचलली आणि जिना उतरून गेली.

आत तरुण डॉक्टरीणबाई चेन होत्या. खिमनं आधी थेंबाचंच विचारलं. त्यांनी हात लावून बघितलं, काखही चाचपली. मग म्हणाल्या, "त्या रक्ताच्या तपासणीवर खरंच काम चाललंय, आजी. पण हाताला लागणाऱ्या गाठीचा निकाल त्यातून अजून लागत नाही. सुई घालावीच लागेल. गाठ काखेपर्यंत गेल्यासारखी वाटते. हिवाळ्यात आला असतात तर..." त्यांनी कागद पुढं ओढला. "आता गाठीच्या जातीप्रमाणे औषधं निवडता येतात. नवी, चांगली औषधं आहेत."

'नवी' म्हटल्याबरोबर खिमचा चेहरा दगड झाला. हीही तसलीच बातमी कशावरून नाही?

"डॉक्टरीणबाई, खरं सांगा. तुमच्या आईला ही गाठ असती तर?"

"तिला आजच्या आज सुई घातली असती. रडली असती तरी."

"मग घाला," खिम म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती पत्र्याखाली आली. सुरी हातात घेतली नाही. रेडिओ चालूच होता. तिनं फोन लावला.

"बोला मावशी, कुठून?"

"तोंगशीहून, खिम. गेल्या आठवड्यात इस्पितळातल्या त्या यंत्रात फार दुखलं का गं तुला?"

सगळ्या सुऱ्या थांबल्या. रेडिओत नुसती खरखर. मग गाणं सुरू झालं, नेमकं खिमच्या आवडीचं. खिमची आवड ग्वे-ताईला पाठ होती.

खिमनं हातरुमालात तोंड लपवलं. बी-हुए उठली, रेडिओ बंद केला आणि बायांकडं वळून म्हणाली, "ती तपासणीची गाडी देवळापाशी परत कधी येते, कुणी विचारलंय का?"