आईचे धुतलेले हात

आई डोंबिवलीच्या आमच्या ब्लॉकमध्ये आली की मी तिला आधी बाथरूममध्ये पाठवायची. हात, पाय, तोंड साबणाने. मग माझी धुतलेली साडी, आणि मगच नातीला घ्यायचं. आई कळव्याच्या खाडीकाठची, सुकी मासळी विकणारी. मी त्या घरातली पहिली पदवीधर, तीही सूक्ष्मजीवशास्त्राची. काचेखाली जंतू पाहिलेली बाई मी. मला कोण शिकवणार?

"काय गो बाय, मी लेकीकडं आली का इस्पितळात?" ओले केस पुसत आई म्हणायची.

मी हसायची नाही. पाणी वीस मिनिटं उकळायचं, दुपट्यांना इस्त्री, फरशीला दोनदा जंतुनाशक. खिडकीतून रसायनांच्या कंपन्यांचा गोडसर वास यायचा, तो तेवढा पुसता यायचा नाही.

मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलेना, हाक मारली तर वळेना. डब्यांची झाकणं ओळीने मांडायची आणि जमिनीला गाल टेकून त्या ओळीकडे बघत राहायची, जणू टोकाला एखादं गाव दिसतंय. कोपरांत सारखी खाज, थंडीत धाप. डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला. एवढी शिकलेली मी, पण तो मी कधी ऐकला नव्हता.

पुढे वाचनालयात एक लेख हाती लागला. फार स्वच्छ घरात शरीराच्या पहारेकऱ्याला खरे शत्रू ओळखायची सवय होत नाही, म्हणून तो धुळीवर, परागांवर धावून जातो, असं काहींना वाटतं. लेख ॲलर्जीचा होता. त्याला मुलीचं न बोलणं जोडलं ते मी.

"माझ्या फिनेलने झालं का हे?" मी डॉक्टरांना सरळ विचारलं.

"ऑटिझमशी प्रतिकारशक्तीचा, शहरी राहणीचा संबंध असेल का, असा प्रश्न आहे. उत्तर कुणाकडे नाही," ते म्हणाले. "तुम्ही स्वतःच निकाल लावू नका."

मी लावलाच होता.

मे महिन्यात तिला घेऊन माहेरी गेले. शेणाने सारवलेल्या खळ्यावर आईने जवळा, ती बारीक कोळंबी, वाळत घातला होता. दुपार पांढरी, भरतीचं पाणी चोरपावलांनी वर येत होतं, मिठागरांवरची हवा पाण्यासारखी हलत होती. मुलगी खळ्याच्या कडेला बसली आणि जवळ्यातून बोटाने एक लांब रेघ ओढत गेली. खाजवणंही विसरली. मला वाटलं, मी झोपेतच आहे, आणि कुणीतरी मला माझंच लहानपण दाखवतंय.

"आई, मी तिला मातीत सोडली असती, तुला न धुता घेऊ दिली असती, तर बोलली असती का गं ती?"

आईने जवळा पसरणं थांबवलं. "तुजा मोठा मामा इसरली?"

मामा! खाडीकडे तोंड करून जाळं विणत बसणारा मामा. त्याच्या तोंडून मी कधी शब्द ऐकला नव्हता. पण भरती यायच्या आधी तो उठून उभा राहायचा आणि त्याच्याकडे बघून माणसं होड्या सोडायची. त्याला आजार आहे असं कुणी म्हणालं नाही. मामा तसाच, एवढंच.

"त्याला खाज यायची? धाप लागायची?"

"नाय गो! चिखलात लोळून वाढला तो. मच्छर पन त्याला भियाचं."

एका मामावरून काही सिद्ध होत नाही, तेवढं शास्त्र मला येतं. पण माझा निकाल मात्र तिथेच, त्या खळ्यावर, सैल झाला. चिखलातही असं मूल जन्मलं होतं.

मुलगी उठली. आजीचा जवळ्याने माखलेला हात तिने ओढून घेतला, हुंगला.

आई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. "थांब, धुवून येते."

"राहू दे," मी म्हणाले.

मुलीने तो हात सारवणावर टेकवला आणि आजीची बोटं एकेक करून ओळीत मांडली. मग त्यांच्याजवळ गाल टेकून ती बघत राहिली.