काट्याच्या प्रोग्रॅममधला भाऊ

आमच्या ऑफिसात दसऱ्याला संगणकाची पूजा व्हायची. स्वारगेटजवळची जागा, खाली गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आणि वर आम्ही. सर मालक होते, शिवाय ऑफिसातल्या झाडांच्या कुंड्या, फ्यूज आणि हिशेब हेही त्यांच्याकडेच. तेव्हा पुण्यात ज्याच्या त्याच्या घरचं कुणी ना कुणी अमेरिकेला निघालेलं असायचं. आम्ही मात्र चाकणकडच्या एका कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम सांभाळत होतो. ट्रक काट्यावर उभा राहायचा, आमचा प्रोग्रॅम वजन वाचायचा आणि पावती छापायचा. त्या एका गिऱ्हाइकावर आमची चूल पेटत होती.

त्या वर्षी सरांनी बॅकअपची टेपसुद्धा डबीतून काढून पाटावर ठेवली. गंध, हळदकुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. "वर्षभर हीच आपलं रक्षण करते," म्हणाले. मीही भक्तिभावानं हात जोडले. दिवाळी होते न होते तोच सर्व्हरची डिस्क बसली. टेप आणून लावली, तर ती जरा खरखरली आणि थांबली. आत हळद गेली होती. सरांनी टेप बाहेर काढून तिच्यावर फुंकर मारली. मग म्हणाले, "देवाला पावली. आपल्याला नाही."

त्या टेपवर प्रोग्रॅमचा सोर्स होता, म्हणजे माणसानं लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मजकूर. तो गेला. आता उरला होता तो कारखान्यातल्या मशीनवर चालणारा तयार प्रोग्रॅम, फक्त यंत्राला कळणारा. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, कारखान्यानं नेमका तेव्हाच नवा काटा बसवायला घेतला. त्याला जुळेल असा प्रोग्रॅम द्या, नाहीतर आम्ही दुसरं कुणी बघतो, असा निरोप आला.

हा प्रोग्रॅम लिहिला होता माझ्या मैत्रिणीनं. दोन वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसलो, एकमेकींचे डबे खाल्ले. मग तिला एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली. सरांना ते मनाला लागलं. वाईट वाटतंय असं म्हणायच्या ऐवजी ते म्हणाले, "जा खुशाल. तुमच्यावाचून इथं काही अडत नाही." तीही काही कमी नव्हती. "तसं असेल तर मीही निश्चिंत, सर," म्हणाली आणि पर्स उचलून गेली. आता ती कर्वेनगरात राहत होती, माझ्या स्कूटीवरून अगदी जवळ. एक फोन केला असता तर सगळं सुटलं असतं. पण सरांनी बजावलं, "तिला विचारायचं नाही." पडलो तरी नाक वर! मला तिची आठवण यायची आणि सरांचा रागही यायचा. शिवाय मी आपणहून फोन केला नाही, म्हणजे मीही त्याच मुशीतली.

कामी आली ती तिची एक सवय. प्रोग्रॅम तयार करताना त्यात तपासणीची माहिती भरता येते: कुठल्या कामाला काय नाव दिलं होतं, यंत्राची कुठली सूचना सोर्सच्या कितव्या ओळीतून आली, असं सगळं. गिऱ्हाइकाला देताना लोक ती काढून टाकतात. ही काढत नसे. "उद्या कुणाला लागली तर?" म्हणायची, आणि प्रोग्रॅम जाडजूड झाला म्हणून सर कुरकुरायचे. मी कारखान्यातून तो प्रोग्रॅम फ्लॉपीवर आणला आणि 'ऑब्जडंप' नावाची, तयार प्रोग्रॅमच्या पोटातलं उलगडून दाखवणारी कमांड त्याच्यावर चालवली. काळ्या पडद्यावर भराभर ओळी सरकायला लागल्या आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं तिचं मराठी वर येऊ लागलं. 'काटा_वाच'. 'गाडी_रिकामी'. 'गाडी_भरलेली'. 'थांब_जरा'. मला हसू आलं. इतके महिने जिच्याशी बोलले नव्हते, ती समोर बडबडत होती.

मग मी तोच उद्योग धरला. पडद्यावर नावं बघायची, ओळींचे आकडे बघायचे, यंत्राच्या सूचनांवरून तिनं काय लिहिलं असेल ते ताडायचं आणि नव्या फाइलमध्ये बरोबर त्याच क्रमांकाच्या ओळीवर मांडायचं. फार सुखाचं काम होतं ते. एवढ्या नोकऱ्या झाल्या, पण तसं काम पुन्हा हाताला लागलं नाही.

अडलं एकाच ठिकाणी. 'थांब_जरा' मध्ये 'भाऊ' नावाचा एक आकडा होता. काट्यावरचं वजन स्थिर झालं तरी प्रोग्रॅम पावती छापत नव्हता. हा भाऊ शून्य होईपर्यंत प्रोग्रॅम मुकाट थांबून राहायचा. का, ते काही केल्या कळेना. त्याच्या आधी ओळींचे आकडे दोनशे बारावरून एकदम दोनशे एकेचाळीसवर उडी मारत होते. मधे यंत्रासाठी काहीच नव्हतं. म्हणजे तिथं तिनं टीप लिहिली असणार, वाचणाऱ्या माणसासाठी. तयार प्रोग्रॅममध्ये टिपा राहत नाहीत. तिथं ती काहीतरी सांगत होती एवढंच कळत होतं, काय ते नाही.

"काढून टाका तो भाऊ," सर म्हणाले. "नवा काटा झटकन स्थिर होतो. उगाच कशाला ताटकळायचं?"

"आणि तो लागत असला तर? वजनं चुकतील. कारखाना जाईल."

"मग काय करावं म्हणता?"

माझा तोल सुटला. "तिला विचारावं म्हणते! नाहीतर तुमचा मान राहील, सर, आणि गिऱ्हाईक जाईल."

सर उठले आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावरच्या ओळी छापलेल्या कागदाची गुंडाळी बगलेत आणि हातात मंडईतल्या पेरूंची पिशवी घेऊन दारात उभे. "चला. रिकाम्या हातानं जाऊ नये कुणाकडे."

कर्वेनगरात दार तिच्या वडिलांनी उघडलं. "जय भीम, या," म्हणाले. सरांनी वाकून नमस्कार केला. ती आतून आली, मला बघून हसली, सरांना बघून थांबली. सरांनी पेरू टीपॉयवर ठेवले, शेजारी कागद पसरला आणि प्रस्तावना न करता विचारलं, "हा भाऊ कोण?"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "सर, खरंच आठवत नाही?"

"आठवत असतं तर पेरू आणले असते का?"

ती मनापासून हसली. म्हणाली, "भाऊ म्हणजे ड्रायव्हर. रिकामी गाडी मोजताना तो चहाला गेलेला असायचा आणि भरलेली मोजताना केबिनमध्ये बसलेला. त्याचं वजन मालात धरलं जायचं. म्हणून तो खाली उतरला की काट्यावरचा माणूस कळ दाबतो आणि भाऊ शून्य होतो, तोवर थांबायचं. काटा नवा असो नाहीतर जुना."

मी दोनशे बारावर बोट ठेवलं. "आणि इथं काय होतं गं?"

"तिथं सर होते," ती म्हणाली. "कारखान्याचे लोक आपल्या प्रोग्रॅमला चुकीचा म्हणत होते, तेव्हा सर आख्खी दुपार उन्हात काट्यापाशी उभे राहिले आणि हे शोधून काढलं. परत आल्यावर मला इतकं छान समजावून सांगितलं की मी ते जसंच्या तसं लिहून ठेवलं. खाली लिहिलं, हे सरांचं आहे, कुणी काढू नये."

सर चष्मा काढून रुमालानं पुसत राहिले. तिचे वडील उठले आणि आत जाऊन चहाचं सांगून आले.

भाऊ राहिला, कारखानाही राहिला. ती परत आली नाही, आणि तिनं यावं असं सर म्हणालेही नाहीत. पण सोमवारी ते माझ्या खुर्चीवर बसले आणि मी मोकळ्या ठेवलेल्या ओळींमध्ये एका बोटानं ती टीप टाइप करू लागले. ड्रायव्हर, चहा, ऊन, सगळं लिहिलं. शेवटी तिचं नाव घातलं. तरी निम्म्याहून जास्त ओळी मोकळ्याच राहिल्या. ते वर-खाली करून बघत होते. मी म्हटलं, "सर, उरलेल्या काढून टाकते."

"राहू द्या," ते म्हणाले. मग पडद्यावरची नजर न काढता, "एवढं काय लिहिलं असेल हो तिनं माझ्याबद्दल?"