आडातला मेंदीचा हात

लोणी भापकरच्या नईम टेलरला चूक दिसली की गप्प बसवत नसे. अंगातल्या सदऱ्याची एक बाही अर्ध्या बोटानं आखूड आहे, हे तो चालत्या माणसाच्या पाठीवरून सांगायचा. त्याच नजरेनं तो ‘आडातली हाक’ ही भुताची मालिका बघायचा.

दहा वर्षांपूर्वी तिचं शूटिंग गावच्या जुन्या आडावर झालं. हडळीची पांढरी पोलकी नईमनंच शिवली होती, एकसारखी दोन. एक कोरडं ठेवायला, एक भिजवायला. पण घाईत एकाच्या पाठीला चार हुक लागले, दुसऱ्याला पाच. त्यामुळं आडात उतरलेली हडळ पोलकं बदलून वर आली, हे साऱ्या मुलखात एकट्या नईमला कळायचं. हडळीच्या पैंजणांचा आवाज म्हणजे गेणबाच्या शेळीचे घुंगरू, हेही त्यालाच ठाऊक.

शेवटच्या दिवशी नटी मुंबईला निघून गेली आणि पाण्यातून हात वर येण्याचा एक शॉट राहिला. पोलकं द्यायला आलेली नईमची बायको शमा म्हणाली, “मी उतरते की.” ईद होऊन दोनच दिवस झाले होते. तळव्यावर मेंदीचा लालभडक गोल, बोटांची टोकं लाल. वरून राख फासली, ती पाण्यात धुऊन गेली. ऊन कलत होतं. शूटिंगचे मोठे साहेब म्हणाले, चालेल.

एक्केचाळिसाव्या भागात तो हात तीन सेकंद दिसायचा. शमा पोट धरून हसायची. “चाळीस वर्षं झाली हडळीला मरून, पर बाईनं ईद सोडली न्हाय बघा!”

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शमा गेली. फोटो काढताना ती कायम तोंड फिरवायची, आणि आधार कार्डावरची बाई कुणी वेगळीच वाटायची. उरले ते तीन सेकंद. नईम रोज दुपारी जेवून मोबाईलवर तो हात बघायचा आणि मग मशिनवर पाय ठेवायचा.

यंदा चॅनेलनं जाहीर केलं, तीच मालिका साफसूफ करून नव्यानं येणार, प्रेक्षकांनी चुका कळवाव्यात. नईमच्या वहीत बासष्ट होत्या. शेजारच्या तालुक्यातल्या लोणी देवकरच्या कंपनीत कामाला असलेली त्याची लेक मुबशिरा सुट्टीच्या दिवशी यादी टाइप करायला बसली. एकसष्टला नईम थांबला.

पँट आखूड करून घ्यायला आलेले जोतीरामतात्या म्हणाले, “का रं टेलर, दोरा तुटला व्हय?”

“बासष्टावी घरातली हाय, तात्या.”

“मग ती तर पयली लिव! कळू दे समद्यांस्नी, हात कुणाचा हाय त्यो.”

“अब्बा, राहू द्या ना ती,” मुबशिरा म्हणाली.

“अर्धं काम दिलंय का मी कुणाला आजवर?” नईमनं सांगितलं, तिनं लिहिलं : मेलेल्या बाईच्या हाताला मेंदी. हा हात माझी बायको शमा हिचा.

त्याला वाटलं, शमाचं नाव पडद्यावर येईल. चूक दाखवली की ती उसवतात, हे जन्मभर उसवत आलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही.

दोन महिन्यांनी मालिका मोबाईलवर आली, सगळे भाग एकदम. तात्या पेढे घेऊन दुकानात आले, मुबशिराही होती. पहिल्या भागाच्या शेवटी अक्षरं आली, ‘विशेष आभार : नईम टेलर, लोणी भापकर’. शमाचं नाव नव्हतं. नईमनं एक्केचाळिसावा भाग लावला.

पाणी हललं. हात वर आला. तळवा कोरा होता. बोटं पांढरी.

त्यानं मागं घेऊन पुन्हा बघितलं. पुन्हा. मुबशिरानं जुना भाग शोध शोध शोधला. तो सगळीकडून काढला होता.

“अब्बा, तुमी मोबाईलमदी उतरवून न्हाय घेतला?”

“हितंच हाय, जातोय कुठं, असं वाटायचं.”

तात्यांनी पेढ्यांचा पुडा तसाच बांधून ठेवला.

शमाला दवाखान्यातून कापडात गुंडाळून थेट कब्रस्तानात नेलं होतं. तिचा मेलेला हात नईमला कुणी बघू दिला नव्हता. तो त्यानं आता बघितला.