वीस क्रुसांवरचं नाव

टर्पेंटाइनचा वास आला की सांडोर गावातला आमचा ओटा आठवतो आणि त्यावर वाळत ठेवलेले वीस लाकडी क्रूस. नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवसाआधी गावातल्या थडग्यांवरची नावं माझे बाबाच रंगवायचे. त्या वर्षी जवळच्या अम्युझमेंट पार्कात पहिल्यांदाच हॅलोविनचा भुताखेतांचा कार्यक्रम होता आणि खोट्या कब्रस्तानासाठी क्रूस हवे होते. पार्काचा मॅनेजर म्हणाला, "काका, नावं कुठलीही टाका, पब्लिकला काय!" बाबा दोन दिवस कोऱ्या क्रुसांकडे बघत बसले. मेलेल्यांची थट्टा नको आणि जिवंतांना अपशकुनही नको, म्हणून शेवटी त्यांनी वीसच्या वीस क्रुसांवर स्वतःचंच नाव लिहिलं. मी चिडलो, तर म्हणाले, "माझंच आहे ना? मग कुणाला विचारायचंय?" पार्कात लोक त्या क्रुसांना टेकून खिदळत फोटो काढत होते. पुढच्या पावसाळ्याआधी बाबा गेले. त्यांचा क्रूस लिहायला मी तीनदा बसलो, तिन्ही वेळा अक्षर वाकडं आलं. शेवटी पार्काच्या गोदामातून त्यांनीच लिहिलेला एक मागून आणला आणि थडग्यावर लावला. दर नोव्हेंबरला मी तो पुसतो, नावाला मात्र ब्रश लावत नाही. उरलेले एकोणीस अजून दर ऑक्टोबरात बाहेर निघतात, आणि लोक हसतात.