आप्पांना दिसलेलं पाचवं इंजिन

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कुणाच्या अंगात आलं की मला आधी हसू येतं... आई कितीदा डोळे वटारायची! आणि या गोष्टीत भूत नाहीच. आहे ते एक विमान, तेही भर दुपारचं.

नव्वदीतली गोष्ट. नुकतेच गावोगाव एसटीडी बूथ झाले होते. आमचं घाटनांदूरला भांड्यांचं दुकान. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हातभर अंतरावरचा माणूस ओळखू यायचा नाही. पण भांड्यावर टिचकी मारून चीर गेलेली बरोबर सांगायचे. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "कावून? माझं काय अडलंय?"

माझा थोरला भाऊ शिवादादा मुंबईला एका विमान कंपनीत मेकॅनिक. "मोठ्या इमानाला चार इंजिनं असत्यात, आमचा शिवा ती खोलतो," हे आप्पा ताट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ऐकवायचे.

माझं लग्न चार दिवसांवर आलं आणि बूथवर दादाचा फोन आला, थेट सिंगापूरहून. त्यांचं एक विमान तिथं बंद पडलं होतं आणि दुरुस्तीला ह्यालाच पाठवलं होतं. "इंजिनच बदलावं लागतंय. मुंबईहून दुसरं येईल तेव्हा बसवायचं अन् निघायचं. कधी येतंय काय माहीत... कानपिळीला गणूला उभा करा."

मी बूथमध्येच रडले. अक्षता पडल्या की नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा – आमच्याकडं ह्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटतच नाही. आणि 'भावजींचा कान असा पिळीन की जन्मभर तुला उलटून बोलणार नाहीत,' असं दादा मला लहानपणापासून सांगत आलेला! गणू म्हणजे चुलतभाऊ. गुणी आहे, पण दादा तो दादाच ना?

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बायका गच्चीवर गहू निवडत होतो. आप्पा पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसलेले. वरून विमान चाललं होतं. आमच्याकडून रोजच जातात, बारीक घरघर आणि मागं पांढरी रेघ. आप्पा एकदम उठून उभे राहिले.

"पाच हायती!"

"काय पाच, आप्पा?"

"इंजिनं. चार चालू हायती अन् पाचवं बंद. डाव्या पंखाखाली, पोटाजवळ. तोंडाला टोपण लावलंय. माकडीण पिलू धरती तसं धरलंय बघ... शिवाचं इंजिन चाललंय. येतोय माझा पोरगा!"

मी हसून म्हटलं, "आप्पा, पोराच्या कौतुकात इंजिनं बी वाढवाय लागले की तुमी!" पण ते तरातरा खाली गेले आणि भरल्या घरात म्हणाले, "गणू, तू ऱ्हाऊ दे. कान शिवाच पिळणार."

काकूचा चेहरा असा पडला! गणूसाठी नवा शर्ट शिवून आणला होता तिनं. "अन् शिवा न्हाई आला तर, भाऊजी? ऐन वेळी माझ्या लेकाला हाक मारू नका मग."

लग्नाच्या दिवशी दादाचा पत्ता नाही. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझं सगळं लक्ष मांडवाच्या दाराकडं. आप्पा मात्र निवांत, लोकांना अक्षता वाटत होते. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या. भटजींनी विचारलं, "नवरीचा भाऊ कुठाय?" काकूनं मान फिरवली. आणि बाहेर अंबाजोगाईची काळी-पिवळी जीप थांबली... दादा! पारोशा तोंडानं, हातात बॅग तशीच. धावत आला आणि त्यानं ह्यांचा कान असा पिळला की हे बोहल्यावरच "आई गं!" म्हणाले. मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना.

खरी गंमत पंगतीत झाली. आप्पांच्या पाचव्या इंजिनाचं दादाला अजून कुणी काहीच सांगितलं नव्हतं. बुंदी खाता खाता तोच म्हणाला, "आप्पा, मला वाटलं इंजिन मालवाहू विमानानं येईल. तर आमच्याच प्रवासी विमानाच्या डाव्या पंखाखाली टांगून आणलं! पोटाजवळ, तोंडाला टोपण लावून. आतली माणसं निवांत जेवतायत अन् बाहेर बंद इंजिन लटकतंय. ऐकलं होतं, पण मी बी पहिल्यांदाच बघितलं."

वाढता वाढता काकूचा हात थांबला. आप्पा म्हणाले, "मठ्ठा आण गं."

मी पुष्कळ डोकं खाजवलं. इतक्या उंचावरची इंजिनं चांगल्या डोळ्यांनाही मोजता येत नाहीत. कानानं ओळखलं म्हणावं, तर बंद इंजिनाला आवाज कुठला? दादालाही सांगता येत नाही.

पुढं आम्ही मागं लागून आप्पांचं ऑपरेशन केलं. पट्टी निघाल्यावर पहिलं विमान गेलं तेव्हा मी त्यांना हौसेनं गच्चीवर नेलं. बराच वेळ बघत राहिले.

"किती इंजिनं, आप्पा?"

"कशाची इंजिनं? नुसती रेघ दिसतीय," म्हणाले, आणि माझ्यावरच चिडून खाली गेले.